‘पयले तं मांगं जाये’

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशक आहे. कापूस वेचणीचे दिवस होते. ओपीडी संपता संपता ३१ वर्षांचा एक ट्रॅक्टरचालक आत आला आणि त्यानं दार लोटून घेतलं. उन्हाळ्यात लग्न ठरलेलं. बराच वेळ खाली पाहत बसला, मग म्हणाला, "सर, माह्यात दम नाही वाट्टे. कातडं मांगं जातच नाही. लगन मोडू काजी?"

शिश्नाच्या टोकावरच्या कातडीचं तोंड आवळतं, त्याला डॉक्टर फायमोसिस म्हणतात. आजार कातडीचा आहे. ताठरतेशी, वीर्याशी त्याचा संबंध नाही. हे मी त्याला आधी सांगितलं, कारण पुढचं काही ऐकायच्या मनःस्थितीतच तो नव्हता.

मग विचारलं, "भाऊ, लहानपणापासून असंच आहे, की मागाहून झालं?"

"पयले तं मांगं जाये. पोळ्यापासून अटकलं."

या एका उत्तरानं सगळं बदलतं. लहान मुलांची कातडी आतून चिकटलेलीच असते, वयात येईपर्यंत ती हळूहळू सुटते. तो आजार नव्हे. आंघोळ घालताना ती ओढणाऱ्या आयांना मी हात जोडून सांगतो, ओढू नका. चिरा पडतात, व्रण कडक होतात आणि खरा फायमोसिस तिथूनच सुरू होतो. पण मोठेपणी, चांगली सरकणारी कातडी आवळली, तर कारण शोधलंच पाहिजे. वारंवार जंतुसंसर्ग, पांढरे चट्टे पाडणारा त्वचारोग, आणि मधुमेह. लघवीत साखर उतरली की बुरशीला आयतं खाद्य मिळतं. सूज, खाज, भेगा, पुन्हा सूज.

त्याला भेगा होत्याच. रात्री लघवीला तीन-चारदा उठत होता. बाजारातून आणलेलं कसलंसं तेल लावून त्यानं जोरानं ओढूनही पाहिलं होतं. ते ऐकून मी घाबरलो. जबरदस्तीनं मागे गेलेली कातडी तिथंच अडकली, तर टोक सुजतं, रक्तपुरवठा तुटतो. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते, रात्रीच दवाखाना गाठायचा.

उपाशीपोटीची साखर निघाली २१०.

डॉक्टरांनी साखरेच्या गोळ्या आणि बुरशीचं मलम सुरू केलं, नंतर काही आठवडे स्टेरॉइडचं मलम. पुष्कळांचं एवढ्यावर भागतं. याचे व्रण जुने होते, शस्त्रक्रिया सुचवावी लागली. "सुंता? आपल्यात नाही करत जी." मी म्हटलं, अपेंडिक्स काढतात तसंच हे, कातडीला धर्म नसतो. जागा बधिर करून झालं. पाच-सहा आठवडे संबंध नाही, एवढंच पथ्य.

कातडीचं सांगायचं की नाही ते त्याच्यावर सोडलं. साखरेचं मात्र मुलीकडच्यांना लग्नाआधी सांगा, असा आग्रह मी धरला. त्यानं सांगितलं. लग्न मोडलं नाही.

टाके दाखवायला आला तेव्हा सोबत थोरला भाऊ होता. त्याला पुढे करून म्हणाला, "सर, याची बी साखर पाहा. याले बी रात्री उठा लागते."