सिस्टर, जरा चुरचुरतंय

प्रिय मुली,

केमोच्या डे-केअरमध्ये रुजू होतेयस, हे ऐकून बरं वाटलं. औषधांची नावं तुला पाठ आहेतच. खरी मेहनत पेशंटला बोलतं ठेवण्यात आहे. कॅन्सरची माणसं सोसायला फार लवकर शिकतात. त्रास व्हायचाच, असं धरून चालतात आणि सिस्टरला कशाला हाक मारायची म्हणून गप्प राहतात.

डॉक्सोरुबिसिनच्या वेळी हे गप्प राहणं फार महागात पडतं. ते लाल औषध शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूची कातडी, मांस सगळं सडवतं. म्हणून सुरू करण्याआधीच बजावून ठेव, "जरा जरी चुरचुरलं तरी ओरडा." हाक आली की आधी औषध बंद. सुई मात्र लगेच उपटू नकोस; तिच्यातूनच जेवढं मागे ओढता येईल तेवढं ओढ, डॉक्टरांना बोलाव, मग गार शेक. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं दुसरं औषध झिरपलं तर उलट, गरम. (सुरुवातीला मी हे चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचे.) डॉक्सोरुबिसिननं लघवी लाल होईल हेही सांगून ठेव, नाहीतर बिचारे रक्त समजून हादरतात.

व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतून. चुकून मणक्यात गेलं तर माणूस वाचणं कठीण, म्हणून ते सिरिंजऐवजी छोट्या पिशवीतून देणं सुरक्षित. दुसरी सिस्टर कितीही घाईत असली तरी तिच्याकडून तपासून घेतल्याशिवाय लावू नकोस.

आणि ताप. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. एक काका रात्रभर अंगावर ताप काढून सकाळी आले, थंडीनं कुडकुडत. म्हणाले, "रात्री तुम्हाला कशाला उठवायचं?" मी त्यांना माहितीपत्रक दिलं होतं, थर्मामीटर घरी आहे का हे विचारलंच नव्हतं. तू विचार. 38 अंश सेल्सिअसवर गेला की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा, पॅरासिटामॉल घेऊन वाट बघायची नाही. पेशंट आल्यापासून तासाभरात पहिलं अँटिबायोटिक जायला हवं. हे त्यांच्याच तोंडून वदवून घे.

एक बारीकशी गोष्ट. उभ्या सिस्टरला लोक "ठीक आहे" एवढंच सांगतात. दोन मिनिटं का होईना, खुर्चीशेजारी स्टूल ओढून बस. वॉर्डात स्टूल नसेल तर पहिल्याच आठवड्यात मागून घे, आणि कुणी पळवू नये म्हणून त्याच्यावर तुझं नाव लिहून ठेव.

तुझी,
जुनी सिस्टर