शत्रूची बाहुली

प्रश्न : माझा मुलगा अंबडच्या कारखान्यातर्फे प्रशिक्षणासाठी जपानला जाऊन आला. अमेरिकेविषयी कडवटपणा तिथे कुठेच जाणवला नाही, असं तो म्हणतो. ज्यांच्यावर अणुबाँब पडले, त्यांचा राग गेला कुठे?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आधी राग, मग मैत्री, असा सरळ क्रम इथे नाही. १८५३मध्ये अमेरिकी नौदलाचा अधिकारी पेरी याची काळी जहाजं जपानच्या किनाऱ्याला आली, तेव्हा जपानी चित्रकारांनी त्याला लांब नाकाचा राक्षस करून टाकलं. पण त्याच्या बारा वर्षं आधी मांजिरो नावाच्या, वादळात सापडलेल्या कोळ्याच्या पोराला एका अमेरिकन कप्तानानं वाचवलं आणि पुढे मॅसॅच्युसेट्सला नेऊन शाळेत घातलं होतं.

तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. हा विषय निघाला की मला बाहुल्या आठवतात. १९२४च्या अमेरिकी कायद्यानं जपान्यांना तिथे स्थायिक होण्याची दारं बंद केली आणि जपान दुखावला. तेव्हा जपानात बरीच वर्षं राहिलेले धर्मोपदेशक सिडनी गुलिक यांनी पुढाकार घेतला. १९२७मध्ये, मार्चमधल्या बाहुल्यांच्या सणासाठी, अमेरिकी मुलांनी बारा हजारांहून जास्त बाहुल्या जपानी शाळांना पाठवल्या. सोबत त्यांचे पासपोर्टसुद्धा! जपानी मुलांनी पैसे जमवून किमोनोतल्या ५८ बाहुल्या उलट धाडल्या. भांडी बाजारातल्या पितळी भातुकलीवर वाढलेल्या मला हे वाचताना अजून भरून येतं.

युद्धात याच बाहुल्या शत्रू ठरल्या. कुठे जाळल्या, कुठे बांबूच्या भाल्यांनी भोसकल्या. तिकडे अमेरिकेनं जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना काटेरी कुंपणात कोंडलं. त्यातले बहुतेक जन्मानं अमेरिकीच होते. त्याबद्दल माफी मागायला १९८८ उजाडलं.

आता तुम्ही विचारलेल्या रागाविषयी. युद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात होता, आणि अणुबाँबविषयीच्या लेखनावर त्या प्रशासनानं सेन्सॉर बसवला. रशियाच्या धास्तीनं दोघांनाही एकमेकांची गरज होती. म्हणजे राग निव्वळ मनाच्या मोठेपणानं विरला, असं मी म्हणणार नाही. बराचसा बोलूच दिला नाही.

पण सगळंच सरकारांनी घडवलं, असंही नाही. नष्ट करण्याचा हुकूम असताना काही शिक्षकांनी बाहुल्या लपवल्या. १९७०च्या दशकात त्या शाळांच्या कपाटांतून एकेक करून निघू लागल्या. आज तीनशेच्या आसपास शिल्लक आहेत. मुलगा पुन्हा जपानला गेला, तर त्याला एखादी बघून यायला सांगा.