रंगवलेल्या तलावावर नवा गिलावा

प्रश्न : लोणावळ्याजवळच्या आमच्या बंगल्यात ३० फूट लांब, १५ फूट रुंद आणि साडेतीन ते साडेपाच फूट खोल असा जलतरण तलाव आहे. आठ वर्षांपूर्वी दिलेल्या इपॉक्सी रंगाचे आता पोपडे निघत असल्यामुळे त्यावर पांढऱ्या सिमेंटचा गिलावा करायचे ठरवले आहे. पहिला कंत्राटदार ॲसिडने धुऊन, बॉण्डिंग एजंट (नवा थर जुन्याला चिकटवणारे रसायन) लावून रंगावरच गिलावा करू म्हणतो. दुसरा आधी सगळा रंग काढायला सांगतो. पहिल्याने ४५० चौरस फूट धरले आहेत, दुसऱ्याने ८६०, आणि दुसऱ्याची एकूण रक्कम जवळजवळ दुप्पट आहे. कोणाला काम द्यावे?

उत्तर : दोन्ही रकमांना आपापल्या चौरस फुटांनी भागून पाहा; दोघांचा दर जवळपास सारखाच निघेल. ३० गुणिले १५ म्हणजे ४५० चौरस फूट, हा केवळ तळ झाला. चारही भिंतींची एकूण लांबी ९० फूट आणि सरासरी खोली साडेचार फूट धरली, तर भिंतींचे आणखी ४०५ चौरस फूट होतात. पहिल्या कंत्राटदाराने भिंती मोजलेल्याच नाहीत, आणि त्या काम अर्ध्यावर आल्यावर ‘एक्स्ट्रा’ म्हणून बिलात येण्याचा संभव बराच आहे.

रंगाबाबतही दुसऱ्याचेच म्हणणे बरोबर आहे. सिमेंटचा गिलावा जुन्या पृष्ठभागाच्या खडबडीत, सच्छिद्र अंगाला धरून राहतो, आणि रंग नेमकी तीच छिद्रे बुजवतो. ॲसिड सिमेंटला खाते, इपॉक्सीला नाही; म्हणजे धुतल्यानंतर उघड्या जागा खरवडल्या जातील आणि रंग जागच्या जागी राहील. बॉण्डिंग एजंट कितीही चांगला असला तरी तो रंगाला चिकटणार, आणि तुमचा रंग तर स्वतःच भिंत सोडतो आहे. तेव्हा उच्च दाबाच्या पाण्याने, वाळूच्या माऱ्याने किंवा छिन्नी-हातोड्याने रंग काढावाच लागेल. छिन्नीचे काम संथ आणि कान किटवणारे असते, परंतु लहान तलावासाठी बहुधा तेच पदरी पडते. त्यानंतर हातोडीने सर्वत्र ठोकून, जेथे पोकळ आवाज येईल तेथील जुना गिलावाही काढून टाकावा.

करारात एक अट अवश्य घालावी : रंग काढलेला कोरडा तलाव तुम्ही पाहून लेखी संमती दिल्याशिवाय गिलाव्याला हात लावायचा नाही, आणि पैशांचा दुसरा हप्ता त्या संमतीनंतरच मिळेल. शेवटचे दहा टक्के तलाव भरून तीन महिने झाल्यावर द्यावेत. राडारोडा कोण उचलणार, हेही लिहून घ्यावे. हमीपत्रात ‘उत्तम दर्जा’ असे मोघम शब्द नकोत. गिलावा सुटला किंवा पोकळ वाजला तर किती काळापर्यंत विनामूल्य दुरुस्ती होईल, ते स्पष्ट असावे.

लोणावळ्याच्या पावसात आणि त्यानंतर काही महिने जमिनीत पाणी भरलेले असते. अशा वेळी तलाव रिकामा केला, तर खालच्या पाण्याच्या दाबाने तळ फुटू शकतो, क्वचित संपूर्ण टाकी उचलली जाते. म्हणून काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावे; मे महिन्याच्या उन्हात ताजा गिलावा झपाट्याने वाळून त्याला बारीक तडे जातात.

गिलावा पुरेसा घट्ट झाल्यावर तलाव भरायला घेतला की मध्ये थांबू नये, नाहीतर थांबल्या जागी भिंतीवर कायमची रेघ उमटते. तुमच्या तलावात सुमारे ५७ हजार लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. ते सहाही आधीच ठरवून, एकापाठोपाठ एक येतील असे पाहावे. नव्या सिमेंटमधून चुना सुटत असल्यामुळे पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) वर चढत राहतो. पहिले काही आठवडे तो रोज तपासून ७.२ ते ७.६ च्या दरम्यान ठेवावा आणि भिंती रोज ब्रशने घासाव्यात. हे घासण्याचे काम कोणाचे, यावरून पुढे वाद होतात. तेही करारातच येऊ द्यावे.