ऑगस्टमध्ये पॅरिसला रुजू होताय? आधी सुट्ट्यांचं गणित बघा

तुम्ही १ ऑगस्टला पॅरिसच्या ऑफिसात रुजू होताय आणि विचारताय की महिनाभर तिथे सगळं ठप्प असतं का, आणि पहिल्याच वर्षी दिवाळीला घरी येता येईल का. मी इथे बारा वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ठप्प नसतं. मेट्रो, सुपरमार्केट, म्युझियम चालूच असतात. अडतं ते एखाद्याच्या सहीवाचून राहिलेलं काम. माझ्या पहिल्या ऑगस्टमध्ये घराचा करार करणाऱ्या बाई सुट्टीवर गेल्या आणि त्यांची फाइल दुसरं कुणी उघडेना. ईमेल केला की क्षणात उत्तर यायचं: 'मी २५ तारखेला परत येईन.' तोवर मी मित्राच्या सोफ्यावर. तेव्हा घर आणि बँक जुलैतच, जमलं तर १४ जुलैच्या सुट्टीआधी उरका. नाहीतर सरळ सप्टेंबर, म्हणजे इथल्या भाषेत 'रांत्रे'. शाळा, ऑफिस, सगळ्यांचं वर्ष तेव्हाच खरं सुरू होतं.

जुलैत जाणारे आणि ऑगस्टमध्ये जाणारे अशा इथे जणू दोन जातीच आहेत. जुलै संपताना एक परततो, दुसरा निघतो. त्या शनिवारी दक्षिणेकडच्या महामार्गावर चुकूनही गाडी काढू नका. रस्त्यावरच्या गर्दीचा अंदाज देणारी सरकारी सेवा 'बिझाँ फ्युते' आधीच दिवसांना हिरवा, नारिंगी, लाल, काळा रंग देते. काळा म्हणजे घरीच बसा.

आता दिवाळी. १९३६ साली पगारी सुट्टी दोन आठवडे होती, १९८२ पासून पाच. महिन्याला अडीच दिवस जमा होतात, पण हे दिवस मोजताना शनिवारही धरतात, म्हणजे आठवड्याला सहा दिवस गेले. ऑक्टोबरअखेर तुमच्या खात्यात साडेसात. एक आठवडा आरामात बसतो, साहेबांनी हो म्हटलं तर.

पुढच्या वर्षापासून मात्र सगळी रजा हिवाळ्यासाठी साठवता येत नाही. १ मे ते ३१ ऑक्टोबर या काळात सलग १२ दिवस घ्यावेच लागतात. मुख्य रजेतले, म्हणजे पहिल्या चार आठवड्यांतले, सहा दिवस त्यानंतर घेतले, तर साधारणपणे दोन दिवस वर मिळतात (कंपनीचा करार वेगळा असू शकतो, एचआरला विचाराच). एरवी पाचवा आठवडा मुख्य रजेला जोडता येत नाही, पण आपलं घर इतकं लांब, त्या कारणावर मागता येतो. हे कुणी आपणहून सांगत नाही.

माझा डाव सोपा आहे. शाळा बंद असल्याने मुलंबाळंवाल्या सहकाऱ्यांना ऑगस्ट हवाच असतो. मी फेब्रुवारीतच सांगून टाकतो, 'ऑगस्टमध्ये मी आहे,' आणि त्याच ईमेलमध्ये दिवाळीच्या तारखा टाकतो. अजून नकार आलेला नाही.

आणि बेकरी बंद दिसली तर शटरवरचा हाताने लिहिलेला कागद वाचा. परतीच्या तारखेखाली बरेचदा जवळची उघडी बेकरी कुठली तेही असतं.