इंग्रजीतल्या 'ब्लॉक' शब्दाचा नक्की अर्थ काय? मुंबईत जो तो वेगळ्याच गोष्टीला ब्लॉक का म्हणतो?

तुम्ही लिहिलंय की लातूरहून नोकरीसाठी मुंबईत आलात, शाळेत ब्लॉक म्हणजे ठोकळा एवढंच शिकवलेलं, आणि इथे पेपरात मेगाब्लॉक, घरमालकीण म्हणते आमचा ब्लॉक दुसऱ्या मजल्यावर, ऑफिसात कोणाच्या तरी सासऱ्यांना तीन ब्लॉक निघालेत. गोंधळ होणारच.

शाळेत शिकवलं ते बरोबरच आहे. शब्द मुळात डच, अर्थ लाकडाचा ओंडका. आता ओंडक्याचं काय करणार, एक तर ठोकळे पाडा नाहीतर वाटेत आडवा टाका. बहुतेक सगळे ब्लॉक या दोनपैकी एका खात्यात जातात. फुटपाथवरचा पेव्हर ब्लॉक हा ठोकळा (पावसात हललेल्या ब्लॉकवर पाय पडला की खालचं पाणी पँटवर, सवय होईल). पूर्वी पेपरात फोटो छापायला जस्ताच्या पत्र्यावर कोरून घ्यायचे तोही ब्लॉकच. अमेरिकेतली मंडळी 'दोन ब्लॉक पुढे' म्हणतात ते चारी बाजूंनी रस्ते असलेला इमारतींचा चौकोन, आपण दोन गल्ल्या सोडून म्हणतो. व्हॉट्सॲपवर कोणाला ब्लॉक केलं, नाक ब्लॉक झालं, ते आडवं टाकलेलं.

घरमालकिणीचा ब्लॉक मात्र अस्सल इथला आहे. इंग्रजीत ब्लॉक ऑफ फ्लॅट्स म्हणजे अख्खी बिल्डिंग, आपल्याकडे तो शब्द बिल्डिंगवरून घसरून एका घरावर आला. चाळीत खोली असायची, संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याला मिळून, मग गिरगाव-परळची माणसं डोंबिवली, मुलुंडला गेली आणि संडास-बाथरूम घरात असलेलं जे मिळालं त्याला म्हणायचे ब्लॉक. ओनरशिपचा ब्लॉक घेतला म्हटलं की मुलाच्या लग्नाचं अर्धं काम झालं असं समजायचे. हल्लीची पोरं फ्लॅट म्हणतात पण माझी आत्या अजून ब्लॉकच म्हणते, आणि रविवारी तिचा फोन येतो, "अरे आज ब्लॉक आहे, तर ब्लॉकवर उद्याच ये." लंडनच्या माणसाला यातलं अक्षर कळणार नाही.

आता रेल्वेचा. लोकांना वाटतं ट्रेन अडवतात म्हणून ब्लॉक, ते खरंच आहे, पण रेल्वेत हा शब्द आधी दुसऱ्याच कामासाठी आला. रुळाचे तुकडे पाडायचे, एका तुकड्याला ब्लॉक सेक्शन म्हणायचं, आणि त्यात एका वेळी एकच गाडी, पुढची बाहेर पडल्याशिवाय मागचीला सिग्नल नाही. टक्कर होऊ नये म्हणून काढलेली पद्धत, ब्रिटनमध्ये पॅसेंजर लाइनवर १८८९ च्या कायद्याने सक्तीची केली. रविवारचा ब्लॉक म्हणजे तोच रूळ काही तास गाड्यांना बंद ठेवून कामगारांच्या ताब्यात देणं. त्यातही ट्रॅफिक ब्लॉक वेगळा, पॉवर ब्लॉक वेगळा, पॉवर ब्लॉकमध्ये वरच्या वायरचा २५,००० व्होल्टचा करंट बंद करतात, तोपर्यंत वायरला कोणी हात लावत नाही. सेंट्रलवाले मेगाब्लॉक म्हणतात, वेस्टर्नवाले जम्बो ब्लॉक, का ते विचारू नका. २०२४ च्या मे अखेरीस ठाण्याला प्लॅटफॉर्म रुंद करायला सलग ६३ तासांचा घेतला होता, त्यापुढे रविवारचे चार-पाच तास काहीच नाहीत. तरी शनिवारी रात्री टाइमटेबल बघून झोपत जा.

सासऱ्यांच्या बाबतीत जरा नीट ऐका कारण इथे शब्द चुकला तर महागात पडतं. तीन ब्लॉक निघाले म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या तीन ठिकाणी चोंदल्यात, त्याला गरजेप्रमाणे औषधं, अँजिओप्लास्टी नाहीतर बायपास. पण रिपोर्टवर 'हार्ट ब्लॉक' असं लिहिलेलं असेल तर तो आजारच वेगळा. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे जो विजेचा इशारा जातो तो उशिरा पोचतो किंवा पोचतच नाही, नळ्या साफ असू शकतात, आणि गरज पडली तर पेसमेकर बसवतात. लोक हे दोन्ही एकच समजून 'आमच्या काकांना पण होतं, स्टेंट टाकला, काही नाही होत' असा धीर देत सुटतात. धीर द्या, पण रिपोर्ट डॉक्टरकडूनच समजून घ्या.

ऑफिसात आयपीओवाले (म्हणजे कंपनीच्या नव्या शेअरसाठी अर्ज करणारे) मित्र पैसे ब्लॉक झाले म्हणतात त्याने घाबरू नका, ते कापलेले नसतात, तुमच्याच खात्यात पडून असतात फक्त वापरता येत नाहीत, सेव्हिंगचं व्याजही चालू राहतं, आणि शेअर लागले नाहीत तर मोकळे होतात.

वरवर पाहता दोन्ही खात्यांत न बसणारा एक सापडला, नाटकवाल्यांचं ब्लॉकिंग. कोणी कुठून यायचं, कुठे उभं राहायचं, कोणत्या वाक्याला वळायचं हे तालमीत ठरवतात ते, त्यात अडवणं काहीच नाही.

आणि बीडीओ साहेबांमधला बी म्हणजेही ब्लॉकच. म्हणजे लातूरलाही तुम्ही हा शब्द रोज ऐकत होतात, मराठीत त्यांना गटविकास अधिकारी म्हणतात म्हणून ओळखू आला नाही.