गोकाकच्या दोरापासून चिक्कोडीच्या मोटरीपर्यंत

गोकाक धबधब्यावर देशातली पहिली वीज झाली, असं मुलांना सांगू का? – एक शिक्षिका, खानापूर

जरा जपून सांगा. गोकाकची सूतगिरणी 1887 मध्ये पाण्याच्या जोरावर सुरू झाली, हे खरं. पण तेव्हा टर्बाइनची फिरकी दोरांनी गिरणीपर्यंत नेत. दोर फार लांब जात नाही, म्हणून गिरणी धबधब्याला खेटूनच उभी राहिली. विजेच्या तारेनं ते बंधन तोडलं. 1902 मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रची वीज सुमारे 147 किलोमीटरवरच्या कोलारच्या खाणींत पोचली. (कावेरी म्हैसूर संस्थानातली; आपण तेव्हा मुंबई इलाख्यात.) दोर आणि तार, दोन्ही मुलांना दाखवा, ‘पहिलं कोण’ यापेक्षा त्यातून जास्त कळेल.

कागलात दिवे असतात, आमच्याकडे नसतात. पलीकडची वीज वेगळी का? – एक दुकानदार, निपाणी

वीज एकच. वाटणारे वेगळे : इकडे कर्नाटकात हेस्कॉम, तिकडे महाराष्ट्रात महावितरण. दिवे जातात ते बहुतेक वेळा आपल्याच फीडरवर (गावाला वीज आणणाऱ्या लाइनवर) किंवा डीपीत बिघाड झाल्यानं.

पूर्वी मात्र फरक होता. दक्षिणेची ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, उरलेल्या देशाशी एका तालात चालत नव्हती. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची लाइन जोडली आणि सारा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. सीमेच्या दोन्ही बाजूंचे पंखे तेव्हापासून एकाच ठेक्यावर फिरतात. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पाच एचपीची मोटर तासाला किती युनिट खाते?

साधारण चार, जुनी असेल तर जास्त.

उसाला थ्री फेज वर्षानुवर्षं रात्री मिळायची. आता दिवसा का देतात? – एक शेतकरी, चिक्कोडी तालुका

रात्री घरं आणि कारखाने कमी वीज ओढायचे, म्हणून उरलेली शेतीला. आता तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडचा एकटा सोलर पार्क 2,050 मेगावॉटचा आहे. भरदुपारी विजेचा पूर येतो आणि तेव्हाच मोटरी चालवणं सोयीचं ठरतं. काळोखात बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीनं पाणी पाजलेल्यांना याचं मोल सांगायला नको. दिवसाची वीज हा शेतकऱ्याचा हक्कच मानायला हवा.

अडचण संध्याकाळची. सूर्य मावळतो आणि घराघरांत दिवे, मिक्सर, टीव्ही एकदम सुरू होतात. कोळशाचा संच तितक्या झटपट वर येत नाही. पाण्याचा काही मिनिटांत येतो. म्हणून शरावती जलविद्युत केंद्राचे 1,035 मेगावॉट आणि खानापूरच्या पलीकडची काळी नदी दुपारी राखून ठेवायची आणि सातला सोडायची.