कोपरावर विरलेला सुती सदरा घरी हाताने रफू करता येईल का?

येईल. तुम्ही लिहिलंय की भोक रुपयाएवढं आहे आणि टेलर 'टाकून द्या' म्हणाला. इतक्यात टाकू नका.

आधी सदरा धुऊन, वाळवून उजेडासमोर धरा. भोकाभोवतीचं कापडही विरळ दिसेल, कारण कोपराचं कापड घासून विरत जातं. विरलेल्या कापडात टाका धरत नाही. म्हणून सुरुवात भोकाच्या काठावरून न करता बोटभर लांब, घट्ट कापडातून करायची. घरी केलेला रफू टिकत नाही अशी तक्रार ऐकतो, तिथे बहुतेक वेळा हेच चुकलेलं असतं.

मशीनचा पॉलिस्टर दोरा मी वापरत नाही. तो जुन्या सुतापेक्षा चिवट असतो आणि कापडच कापतो. सदऱ्याच्या घेराची दुमड थोडी उसवली की मायेतून, म्हणजे आत दुमडलेल्या जादा कापडातून, आडवा धागा लांब निघतो. तोच उत्तम, रंगही जुळतो. नाहीतर साधा सुती दोरा, एकेरी, गाठ न मारता.

भोकाखाली वाटी पालथी धरा. भोकाची कड कात्रीने नीट करायचा मोह होतो, पण ती कापू नका. आता उभा धावदोरा घाला, अगदी जवळजवळ ओळी. भोकावरून दोरा नुसता जाऊ द्या, ओढू नका, आणि वळताना टोकाला बारीकसा फास मोकळा सोडा. नवा दोरा धुतल्यावर आटतो. फास नसला की चुण्या पडतात. मग आडवे धागे घ्या: एका उभ्या धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून, परतताना उलट. बाजेची वीण पाहिली असेल तर लगेच कळेल. हे काम रात्री दिव्याखाली करू नका, डोळे दुखतात.

आजूबाजूचं कापड फारच विरलं असेल तर आतून जुन्या, धुतलेल्या मलमलचं ठिगळ लावा आणि त्यावरच विणा. ठिगळाचे उभे-आडवे धागे सदऱ्याच्या धाग्यांना जुळवून घ्या, नाहीतर कोपर वाकवताना ते ओढलं जातं.

स्वेटरचं विचारलंत, तर कसरीने खाल्लेल्या भोकात आधी सुटलेले टाके दोऱ्यात ओवून घ्या, नाहीतर वीण खाली उसवत जाते. दोरा लोकरीचाच हवा. मात्र घडीवर चिरलेल्या रेशमी साडीला स्वतः सुई लावू नका, ती जाणत्या रफूवाल्याकडेच द्या.